नाताळ झाल्यावरही थंडी असते: रस्त्यावरच्या माणसांचं जेवण आणि सोबत

२५ डिसेंबरच्या आठवड्यात खान्देशातल्या स्टेशनांबाहेर झोपणारा माणूस सहसा उपाशी राहत नाही. केक येतो, ब्लँकेटं येतात, कॅरलवाल्या पोरांची गाडी येऊन गाणी म्हणून जाते. पंचाईत होते ती जानेवारीत. उत्तरेचा वारा सुटला की धुळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तापीकाठचे शेतकरी केळीच्या बागांच्या बांधावर रात्री धूर करतात, आणि नेमकं तेव्हा चर्चच्या मंडळ्यांचं नाताळचं बजेट संपलेलं असतं.

म्हणून रस्त्यावर जेवण न्यायचं ठरवलेल्या मंडळीने पहिला हिशोब मोसमाचा करावा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आठवड्यातून दोन संध्याकाळी धरल्या तर साधारण वीस-बावीस फेऱ्या होतात. हातात असलेल्या पैशाला बावीसने भागा; एका फेरीला जे येईल त्यात बसतील तेवढ्याच ताटांचं काम घ्या. पैसे कमी पडले तर ताटं कमी करा, संध्याकाळ रद्द करू नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच कोपऱ्यावर तीच माणसं आली, तरच समोरचा बोलायला लागतो. दोनशे ताटं वाटून वीस मिनिटांत निघून जाणारी गाडी पोट भरते, एवढंच. आमचं मत विचाराल तर चाळीस ताटं आणि दीड तास.

आधी फिरून बघा

नोव्हेंबरच्या शेवटी, हातात काहीही न घेता, तीन-चार रात्री नुसतं फिरा. एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा पहाटे साडेपाचला. दोन्ही वेळी चित्र वेगळं दिसतं. बाजारातली शटरं पडेपर्यंत माणसं विखुरलेली असतात. दुकानं मिटली की ओटे, जिने, बँकांचे पोर्च भरतात. जळगावात स्टेशन, एसटी स्टँड आणि गोलाणी मार्केटच्या आसपास, भुसावळला जंक्शनच्या दोन्ही बाजूंना, धुळ्यात स्टँड आणि पांझरेच्या काठाने, नंदुरबारला स्टेशनसमोर बघा. चाळीसगाव आणि अमळनेरही विसरू नका. तिथे माणसं थोडी असतात, आणि म्हणूनच कोणाचं लक्ष जात नाही.

कोण कोण भेटतं हे ओळखून ठेवा, कारण गरज प्रत्येकाची निराळी. काही जण वर्षानुवर्षं तिथेच आहेत. काही हमाल, हॉटेलातले, लग्नाच्या केटरिंगवर भांडी घासणारे. त्यांना काम आहे, खोली नाही. सातपुड्यातली भिल्ल, पावरा कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघालेली असतात आणि गाडीची वाट बघत एक-दोन रात्री काढतात. त्यांना बेघर समजून ब्लँकेट देऊ नका, लेकरांसाठी गरम जेवण द्या आणि गाडीची माहिती काढून द्या. आणि भुसावळसारख्या जंक्शनवर उत्तरेकडून, बंगालकडून येणाऱ्या गाड्यांतून चुकून उतरलेली, मानसिक आजारी, आपली भाषा न येणारी माणसं हमखास असतात. हा गट सगळ्यांत नाजूक.

प्लॅटफॉर्मवर किंवा स्टेशनच्या हद्दीत अन्न वाटायचं असेल तर स्टेशन व्यवस्थापक आणि रेल्वे सुरक्षा बलाला आधी विचारावं लागतं. परवानगीच्या भानगडीत न पडता हद्दीबाहेर, रिक्षा स्टँडच्या पलीकडे बसणं सोपं. स्थानिक पोलीस ठाण्यात मात्र एक साधा अर्ज द्याच: कोण, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, जबाबदार माणसाचा फोन. शिक्का मारलेली प्रत गाडीत ठेवा.

त्याच फेरीत आणखी एक चौकशी करायची. गुरुद्वारा, मशीद कमिटी, मंदिराचं अन्नछत्र, कॉलेजची पोरं, यांच्यापैकी कोण कोणत्या दिवशी येतं? एकाच शनिवारी तीन गाड्या आणि मंगळवारी कोणीच नाही, असं फार वेळा होतं. त्यांना भेटून वार वाटून घ्या. शिवभोजन केंद्र सुरू असेल तर ते नक्की कुठे आहे आणि किती वाजता बंद होतं ते लिहून ठेवा. दुपारचं जेवण दहा रुपयांत तिथे होतं.

माणसं किती लागतात

चाळीस-पन्नास जणांसाठी आठ जण पुरेत. दोघं स्वयंपाकाला, एक गाडीला, दोघं वाढायला, आणि तिघं फक्त माणसांजवळ बसायला. हे शेवटचे तीन सगळ्यांत आधी ठरवा, नाहीतर आठही जण पातेल्याभोवती गोळा होतात. वाढणं सोपं काम आहे. हाताला चाळा असतो, बोलावं लागत नाही. बसायला जीव लागतो. चर्चच्या तरुण संघातल्या मुलांपेक्षा स्त्रीसमाजातल्या पन्नाशीच्या बायका आणि रेल्वेतून निवृत्त झालेले काका हे काम जास्त चांगलं करतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

बायांशी बोलायला बाईच पाठवा, आणि कोणीही एकट्याने कोपऱ्यात जाऊ नये, जोडीने जावं. अहिराणी येणारा किमान एक जण आणि हिंदी सफाईने बोलणारा एक जण हवाच. नंदुरबारला नवापूर-अक्कलकुव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतली मुलं मावची, भिली बोलतात. स्टेशनवरच्या मजूर कुटुंबांशी त्यांचं पाच मिनिटांत जमतं, ते बाकीच्यांना महिन्यातही जमत नाही.

खिचडी, पन्नास जणांची

जेवण काय द्यायचं यावर चर्चासत्रं भरवू नका. तूरडाळीची सैल खिचडी. दात नसलेल्याला खाता येते, एका हाताने खाता येते, गरम राहते आणि खान्देशात ती कोणाला परकी नाही. वरण-बट्टी, भरीत-भाकरी हे सगळं उत्तम, पण बट्टी कोरडी होते, भाकरी थंडीत वातड होते, आणि भरीत दोन तास डब्यात राहिलं की भरवशाचं नाही. मांसाहार टाळा, टिकत नाही आणि नसते संशय निघतात. उकडलेली अंडी वेगळ्या डब्यात नेऊन विचारून द्यावीत. रात्री केळी दिली तर सर्दी होते म्हणून पुष्कळ जण घेत नाहीत. वाद घालू नका, केळी पहाटेच्या फेरीला ठेवा.

साहित्य: जाडा जुना तांदूळ ४ किलो, तूरडाळ दीड किलो, शेंगदाणे अर्धा किलो, बटाटे ३ किलो, कांदे २ किलो, लसूण १५० ग्रॅम, तेल ६०० मिली, हळद ३० ग्रॅम, मीठ २३० ग्रॅमच्या आसपास, मोहरी-जिरं, पाणी १९ ते २० लिटर. माणशी अर्धा किलो वाढून दुसऱ्यांदा मागणाऱ्यांपुरती उरते. पातेलं ५० लिटरचं, जाड बुडाचं. तिखट मात्र आपल्या घरच्या निम्म्याहून कमी. खान्देशी हात काळ्या मसाल्याकडे जातोच. पण दिवसभर उपाशी पोट, तोंड आलेलं, वर दारूने सोललेलं आतडं, अशा माणसाला तिखट खिचडी दोन घासांत नकोशी होते आणि उरलेली ताटली कुत्र्यापुढे जाते.

डाळ अर्धा तास भिजवा. फोडणीत लसूण, कांदा, शेंगदाणे, बटाटे परतून पाणी ओता. पाणी खळखळलं की आधी फक्त डाळ घाला, कारण उघड्या पातेल्यात तूरडाळीला तांदळापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन्ही एकदम टाकलं तर तांदळाचा लगदा होतो आणि डाळ कचकचते. डाळ बोटाने दाबली तर फुटेल अशी झाली की तांदूळ, मीठ. तांदूळ अर्धा शिजल्यावर आच मंद करा आणि पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा. खाली लागायची वेळ हीच. लागलीच तर खरवडू नका. वरची खिचडी हळूच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, नाहीतर करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो.

उतरवताना खिचडी हवी त्यापेक्षा पातळ असली पाहिजे. गाडीत ती घट्ट होत जाते आणि तासाभराने तिच्या वड्या पडायच्या बेतात येतात. बरोबर चार लिटर उकळतं पाणी थर्मासमध्ये न्या आणि वाढायच्या आधी ढवळून सैल करा.

साडेसातला उतरवली तर आठला गाडी निघाली पाहिजे. इन्सुलेटेड कंटेनर असेल तर उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, त्यांना दोन जुन्या गोधड्या आणि बाहेरून बारदान. अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. दोन-अडीचशे रुपयांचं स्वयंपाकाचं थर्मामीटर घ्या आणि वाढायच्या आधी मधोमध खुपसून बघा. कोमट भातात वाढणारे जंतू पुन्हा उकळल्याने मरतात, त्यांनी सोडलेलं विष मात्र जात नाही. म्हणून उरलेली खिचडी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायची नाही, आणि कोणी “सकाळी खाईन” म्हणून पिशवीत मागितली तर खिचडीऐवजी बिस्किटाचा पुडा किंवा शेंगदाणे-गूळ द्या. कढी, दही, ओलं खोबरं गाडीत नकोच.

वाढायला पळसाच्या पत्रावळी आणि मोठे द्रोण घ्या. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आणि बंदी नसती तरी थंड वाऱ्यात त्या उडतात. गरम खिचडी प्लास्टिकच्या पिशवीत भरून देणं तर अजिबात नको. ज्यांच्याकडे स्वतःची ताटली किंवा डबा असतो त्यांना त्यातच वाढा, भांडं धुवायला गरम पाणी पुढे करा. हात धुवायला कोमट पाण्याचा एक कॅन वेगळा ठेवा. जानेवारीतल्या रात्री नळाचं गार पाणी पुढे केलंत तर कोणी हात धुणार नाही.

वाढताना रांग शक्यतो लावू नका. रांगेत धडधाकट पुढे आणि लंगडा शेवटी, हे ठरलेलंच. दोघांनी डबा घेऊन माणसाजवळ जावं, तो बसला असेल तिथे वाढावं. शंभराच्या वर गर्दी होणार असेल तर रांगेशिवाय भागत नाही, पण मग ते काम वेगळं आणि हे वेगळं.

पहाटेचा चहा

सर्वांत जास्त गारठा सूर्य उगवायच्या सुमारास असतो. आठवड्यातून एकदा पहाटे साडेपाच ते साडेसहा चहाची फेरी ठेवा. आजारी माणूस रात्रीच्या घोळक्यात लपतो, पहाटे सापडतो: सगळे उठून शेकोटीला गेलेले असतात आणि एक जण पडून असतो. पन्नास कपांना अडीच लिटर दूध, तीन लिटर पाणी, ४०० ग्रॅम साखर, १०० ते १२५ ग्रॅम चहा पावडर, ५० ग्रॅम आलं. एका छोट्या थर्मासमध्ये बिनसाखरेचा. साखरेचा आजार असलेले निघतातच, फक्त विचारावं लागतं.

बसणं आणि बोलणं

उभं राहून बोलू नका. बारदान अंथरा आणि खाली बसा, त्यांच्या अंथरुणावर मात्र बोलावल्याशिवाय नको. ते अंथरूण हेच त्यांचं घर आहे, त्याला उंबरा आहे असं समजून वागायचं.

हाक मारताना आबा, आप्पा, नाना, जिभाऊ, माय, मावशी. तरुणाला भाऊ किंवा दादा. वयाने लहान दिसला तरी पहिल्या दिवशी अरे-तुरे नको. “जेवन व्हयनं का, आबा?” एवढ्या एका वाक्याने अहिराणी माणूस मान वर करून बघतो. मग “कोनतं गाव तुमनं?” इतपत ठीक. घर का सोडलं, मुलं सांभाळत नाहीत का, दारू कधीपासून, हे प्रश्न पहिल्या महिन्यात विचारायचे नाहीत. यंदा कापसाला काय भाव मिळाला, गाड्या किती उशिरा धावतायत, गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, यावर बोला. शेती केलेला माणूस भावावर अर्धा तास बोलतो, आणि बोलता बोलता तोच सांगतो की जमिनीतला त्याचा वाटा भावाने आपल्या नावावर लावून घेतला.

त्याचं नाव लक्षात ठेवा. गाडीत बसल्यावर लगेच वहीत टिपून घ्या: सांगितलेलं नाव, गाव, काय दुखतं, आपण काय कबूल केलं. पुढच्या वेळी “गुडघा कसा आहे, नाना?” असं विचारता आलं पाहिजे. मात्र समोर बसून वही उघडू नका, सरकारी माणूस वाटतो. आधार कार्डाचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. जेवणाऱ्यांचे फोटोही नाहीत, अगदी पाठमोरेसुद्धा. देणगीदारांना पातेल्याचा फोटो पाठवा.

जे जमणार नाही ते कबूल करू नका. “बघतो” हा शब्द आपल्याकडे नकार म्हणून वापरतात, पण रस्त्यावरचा माणूस तो होकार धरून शनिवारपर्यंत वाट बघतो. रोख पैसे देऊ नका. एकाला दिलेले दहा मिनिटांत सगळ्यांना कळतात आणि पुढच्या वेळेपासून गप्पांचा विषयच पैसे होतो. औषध, चप्पल, तिकीट लागलं तर वस्तूच द्या.

प्यालेला असेल तर जेवण द्यायचंच, बोलणं दोन वाक्यांत आवरायचं. प्रत्येक कोपऱ्यावर एखादा दादा असतो, जो इतरांचं ब्लँकेट काढून घेतो किंवा जागेचे पैसे घेतो. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला वाढपीही करायचं नाही. कुत्री हाकलू नका. थंडीत पुष्कळांची ती पांघरुणाची सोबत असते. शेवटी खरवड त्यांना घाला.

प्रार्थनेचं काय

हा प्रश्न प्रत्येक मंडळीत निघतो, आणि त्याचं उत्तर पहिल्याच मीटिंगमध्ये सर्वांसमोर ठरलं पाहिजे. जेवणाआधी प्रार्थनेची अट नाही. पत्रावळीबरोबर पत्रिका नाही, ब्लँकेटमध्ये नवा करार नाही, भाषण नाही. भुकेल्यापुढे ताट धरून केलेला उपदेश तो ऐकत नाही, सहन करतो. शिवाय आमिष दाखवल्याचा आरोप व्हायला एवढं निमित्त पुरतं आणि मोसमाच्या मधोमध काम बंद पडतं.

पण लपवायचंही नाही. “तुम्ही कोण?” असं विचारलं की सरळ सांगा: आम्ही चर्चची माणसं. कोणी स्वतःहून “माझ्यासाठी प्रार्थना करा” म्हटलं तर त्याच्याजवळ बसून, हळू आवाजात, दोन मिनिटांत करा. डोक्यावर हात ठेवून, मोठ्याने, चारचौघांत नको. बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली ती यादी, भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, सगळ्यांना पाठ असते. तिच्यात जेवणाऱ्याला काही कबूल करायला लावलेलं नाही, हे स्वयंसेवकांना आठवून द्यावं. एकादशी किंवा शनिवारचा उपास धरणाऱ्यासाठी शेंगदाणे-गूळ बरोबर ठेवा. आणि संक्रांतीला तिळगूळ न्यायला विसरू नका. त्या दिवशी आपण देण्याआधी तेच आपल्या हातावर ठेवतात, ते घ्या आणि तिथेच खा.

थंडी खालून येते

लोक ब्लँकेट वाटतात आणि विषय संपला असं समजतात. फरशी आणि सिमेंट अंगातली ऊब खालून ओढून घेतात. वर दोन ब्लँकेटं आणि खाली नुसता ओटा असेल तर माणूस रात्रभर कुडकुडतो. म्हणून आधी खालचा थर. सर्वांत खाली ताडपत्रीचा तुकडा, त्यावर दोन-तीन पदरी पुठ्ठा, त्यावर बारदान. पुठ्ठा फ्रिज-टीव्हीच्या दुकानांतून फुकट मिळतो. बारदान बाजार समितीत धान्याच्या व्यापाऱ्यांकडे मागा. इथे एक सावधगिरी: कापसाचा मुलूख आहे, कीटकनाशकांची खोकी आणि खताच्या गोण्या सहज हाताला लागतात. त्या कधीही अंथरायला देऊ नका. धुतल्या तरी नाही.

पुठ्ठा ओला झाला की उपयोग संपला, म्हणून दर फेरीला थोडा नवा न्या. मग कानटोपी, पायमोजे, आणि त्यानंतर ब्लँकेट. ब्लँकेट दीड-दोन किलोचं, गडद रंगाचं. चादर या थंडीत पुरत नाही. फार मोठं, फार जाड ब्लँकेट दिवसा वागवायला नको होतं आणि कुठेतरी टाकून दिलं जातं. फार नवं, चकचकीत दिसलं तर चोरीला जातं किंवा विकलं जातं. कोणी विकलंच तर आरडाओरडा करू नका, पुढच्या वेळी त्याला वापरलेली गोधडी द्या. गाडीच्या मागच्या दारातून ढिगाने वाटप करू नका. रात्री दहानंतर, झोपायला टेकलेल्या माणसाजवळ जाऊन, ज्याच्याकडे नाही त्यालाच, एकेक.

शेकोटीत टायर, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड जाळत असतील तर समजावून सांगा आणि जमलं तर सुक्या लाकडाची मोळी द्या. बंद शटरच्या आत, जिन्याखाली किंवा बंदिस्त शेडमध्ये घमेल्यात निखारे ठेवून झोपणं जीवघेणं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कृत्रिम धाग्याची ब्लँकेटं ठिणगीने भसकन पेटतात, आणि प्यालेल्याला कळत नाही.

आजारी माणूस ओळखणं

कुडकुडणं बरं लक्षण आहे, शरीर झुंजतंय. गारठलेला माणूस कुडकुडायचा थांबला, जड बोलायला लागला, अडखळायला लागला, अंगावरचं काढून टाकायला लागला तर शरीराचं तापमान धोक्याच्या खाली गेलंय. बघणाऱ्याला तो प्यालेला वाटतो आणि तिथेच घोटाळा होतो. खरोखर प्यालेला असेल तर धोका आणखी जास्त, कारण दारूने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं आणि ऊब निघून जाते. १०८ ला फोन करा. तोवर ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, खाली पुठ्ठा सरकवा, डोकं झाका. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड गरम चहा. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ ओढत नेऊ नका, ब्रँडीचा घोट तर नाहीच.

पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला, हाडांचा सापळा झालेला माणूस सापडला तर त्याला पोटभर वाढू नका. इतक्या उपासानंतर एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडून हृदय दगा देऊ शकतं. थोडी पातळ पेज द्या आणि दवाखान्यात न्या. जळगाव आणि नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, धुळ्यात हिरे महाविद्यालयाचं. नवापूरच्या बाजूला असाल तर चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल. पाठवून देऊ नका, सोबत जा. एकटा गेलेला माणूस केसपेपरच्या खिडकीवरून परत येतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये मिळतात, फक्त बँक खातं लागतं. टाचांच्या भेगांना व्हॅसलीन आणि मोजे. खरजेला एकट्यावर उपचार करून भागत नाही, शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांचा एकाच वेळी करावा लागतो, तोही डॉक्टरला विचारून. बोटं झडलेल्या कुष्ठरुग्णाजवळ इतरांजवळ बसता तसंच बसा. उपचार झालेल्याकडून लागण होत नाही.

भान हरपलेला, भटकणारा माणूस भेटला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. कलम १००. ठाण्यात हे कलम नम्रपणे, पण लेखी अर्जातच सांगा. भाषा कळत नसेल तर जिल्हा विचारू नका, घराजवळचं रेल्वे स्टेशन किंवा जवळचा बाजार विचारा. पुष्कळदा तेवढं आठवतं आणि तेवढ्यावर तिकडच्या पोलिसांशी संपर्क होतो. एकटं लेकरू दिसलं तर १०९८, म्हातारं माणूस संकटात असेल तर १४५६७, बाईला धोका वाटत असेल तर १८१ किंवा ११२. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

निवारा, कागद आणि आवराआवर

महापालिकेचा बेघर निवारा असेल तर आधी स्वतः जाऊन बघा: संडास, बायकांची वेगळी सोय, दार किती वाजता बंद होतं, सामान ठेवायला जागा. पुष्कळ जण निवाऱ्यात जात नाहीत त्याचं कारण तिथे जोडीदार, कुत्रं किंवा हातगाडी चालत नाही. आग्रह करू नका. कडाक्याच्या रात्रीपुरतं चला म्हणा, सोबत जाऊन पहिली रात्र बसवून द्या. निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसीलला खेपा घालणारा एक चिवट माणूस मंडळीत शोधा. हे काम चार आठवड्यांत उरकणारं नाही.

फेब्रुवारीत बंद करायच्या किमान दोन आठवडे आधी सर्वांना शेवटचा वार सांगा, आणि दर फेरीला पुन्हा सांगा. परत आलेली ब्लँकेटं गरम पाण्यात धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. ओलसर ठेवलीत तर डिसेंबरात बुरशी निघेल. वही जपून ठेवा, तिच्यातली कबूल केलेली अर्धवट कामं वेगळ्या कागदावर उतरवून एकेकाच्या नावावर टाका. मार्चपासून महिन्यातून एक संध्याकाळ दोघा-तिघांनी तिथे रिकाम्या हाताने जाऊन बसावं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, आणि तेव्हा पाणपोई कुठे लावायची हे तीच माणसं तुम्हाला दाखवतील.